धामणडोहची पानं

पानबुढ्यानं आयुष्यात एकही माणूस मोजला नाही. तरी धामणडोहात आज नेमकी किती माणसं आहेत, हे त्याच्याइतकं अचूक सांगणारा तहसिलीत कोणी नव्हता, आमच्या विकास खंडाच्या कचेरीत नव्हता, आणि ज्याला त्याच कामाचा पगार मिळत होता तो मी तर मुळीच नव्हतो.

तो पळसाच्या पत्रावळी लावायचा. लग्न असो, बारसं असो, तेरवी असो की मारुतीचा भंडारा, पानं त्याचीच. म्हणून तो पानबुढा. "कितीक पानं लागतीन?" असं त्यानं कधी कोणाला विचारल्याचं कोणाला आठवत नाही. उलट यजमानच त्याच्या ओसरीवर येऊन बसायचा आणि विचारायचा, "बुढेबावा, कितीचा सयपाक टाकू?" मग पानबुढा हातातली काडी दातात धरून क्षणभर डोळे मिटायचा, सगळं गाव मनातल्या मनात घरोघर फिरून यायचा आणि सांगायचा. तेवढाच स्वयंपाक व्हायचा, तेवढाच संपायचा.

"मानसं मोजू नाई," तो म्हणायचा. "मोजलं का कमी होते. पानं मोजाव. पान कमी पडलं तं झाडावर आनखी हाय."

त्याचे पानांचे कायदे पक्के होते. जाणत्या माणसाला पूर्ण पत्रावळ. उष्टावण झालेल्या पोराला लहान पान. पाळण्यातल्याला द्रोण, त्यात कोणी काही वाढायचं नाही, पण द्रोण मांडायचाच. बाळंतपणाला माहेरी आलेली लेक जोवर गावात, तोवर तिचं पान गावाचं. आणि पोटुशी बाई असेल तिच्या पत्रावळीला तो एक पान जास्त टाचायचा. यामुळे कित्येक सासवांना घरातली आनंदाची बातमी सुनेकडून न कळता पंगतीत बसल्यावर कळली. एका सासूनं त्याला विचारलंही होतं, "तुमाले कसं कयलं जी माया आंधी?" तर म्हणाला, "तुई सून चालते तवा तू तिच्या घागरीकडं पाह्यते, मी तिच्या पावलाकडं."

बोलताना त्याचे हात थांबत नसत. मी ग्रामसेवक म्हणून नवीन होतो, अंगावर कडक खादी होती, आणि खताचे खड्डे, निर्धूर चूल, सुधारलेलं बियाणं, यांवर मला भाषण करण्याची दांडगी हौस होती. गावात माझं भाषण शेवटपर्यंत ऐकणारा एकटा पानबुढा. "हो जी, हो जी," करत तो ऐकायचा. मला वाटायचं, चला, एका तरी माणसात जागृती झाली. पुढे एके दिवशी तो सहज म्हणाला, "आज नऊ पानाचं बोलले तुमी, शेवकभाऊ. काल चौदा पानाचं होतं. तब्येत बरी नाई काय?"

धामणडोह केळझरहून बैलगाडीनं अर्ध्या दिवसाच्या वाटेवर, डोंगरात शिरलेलं. वाटेत तोच एक नाला तीनदा आडवा येतो. पावसाळ्यात चार महिने गाव जगापासून तुटलेलं. दवाखाना नाही, दुकान नाही, शाळा नाही. पोरांना शिकवायचं तर केळझरला मामा किंवा आत्या असावी लागे. ज्यांना नव्हती त्यांनी गुरं राखावी. दोन घरं याच पायी बैलगाडीवर भांडीकुंडी लादून सडकेच्या गावाला निघून गेली होती. पानबुढ्याचा मुलगा गणपतही म्हणू लागला होता, "होळीपोतर शाळेचं काई झालं तं ठीक. नाई तं आपुन बी जाऊ. पोट्टे आंगठेबहाद्दर नाई ठेवाचे मले."

पानबुढा ऐकून पुढचं पान उचलायचा. फक्त त्या दिवसाची पानं जरा जास्त घट्ट टाचली जायची.

म्हणून मी शाळेचा अर्ज करायचं ठरवलं. मारुतीच्या पारावर उभा राहून गावाला शाळेचं वचन दिलं. ते भाषण, पानबुढ्याच्या मापानं, बावीस पानांचं झालं. अर्जासोबत गावाची माहिती भरायची होती: घरं किती, माणसं किती, पाण्याची सोय काय, इतर वस्ती आहे काय.

दिवाळी होऊन गेली होती, कापूस वेचणीला आला होता. मी भर दुपारी तक्ता घेऊन निघालो. अर्ध्या घरांत फक्त म्हातारी माणसं होती. "घरात माणसं किती?" असं मी दारात उभं राहून खणखणीत आवाजात विचारायचो. आत काहीतरी लगबग व्हायची, पाळण्यावर लुगडं पडायचं, आणि उत्तर यायचं, "हावो जी, चारक असन." मी चार लिहायचो. मागे सात जणांच्या चपला दिसत असूनही लिहायचो. तक्त्यात चपलांचा रकाना नव्हता.

मग पाटलाच्या घरी जेवण. पुरणपोळी आणि त्यावर तुपाची अशी धार, की तक्ता, देश आणि पंचवार्षिक योजना तिन्ही डोळ्यांपुढे वितळू लागले. जेवणानंतर पाटलाचा गडी म्हणाला, "आता नाल्यापल्याड काय हाय जी? चार झोपड्या. ऊन लय हाय, पडा जराशे." मी पडलो. उठलो तेव्हा उन्हं कलली होती आणि अर्ज केळझरला नेणारी गाडी जुंपलेली होती. 'गावाला जोडून इतर वस्ती आहे काय?' या प्रश्नापुढे मी सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'नाही'. बेरीज झाली अठ्ठ्याऐंशी. खाली सही केली, सहीखाली दोन टिंबं दिली. माझी सही फार सुंदर होती हो.

पौषात उत्तर आलं. एकशिक्षकी शाळेसाठी किमान दीडशे लोकवस्ती लागते. धामणडोहची लोकसंख्या अठ्ठ्याऐंशी. सबब मागणी अमान्य.

तो कागद खिशात घालून मी आठ दिवस पानबुढ्याची ओसरी टाळली. नवव्या दिवशी त्यानंच हाक मारली. "शेवकभाऊ, आठ दिसापासून एका पानाचंही बोलून नाई राह्यले. काय झालं?"

मी कागद वाचून दाखवला. अठ्ठ्याऐंशी ऐकल्यावर त्याचे खांदे हलू लागले. तो हसायचा तेव्हा आवाज यायचा नाही, नुसते खांदे हलायचे.

"तुमी घरोघरी तोंडाले इचारलं," तो म्हणाला. "पोटाले इचारा लागत होतं. दारात उभं राहून लेकरं मोजाले निंगालेल्या मानसाले कोनती माय खरं सांगन? बरं, पल्याड कितीक लिवले?"

"पल्याड गेलोच नाही."

"काऊन?"

"झोप लागली."

त्याचे हात थांबले. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच थांबलेले पाहिले. काडी बोटातच राहिली. "पल्याड मानसं नाई राहत काय जी?" त्यानं विचारलं. रागावून नाही, खरंच मला माहीत नसावं, अशा समजुतीनं. मला तो राग परवडला असता.

मग त्यानं मला त्याचं जुनं गाव सांगितलं. तो मूळचा धामणडोहचा नव्हता. डोंगरापलीकडे सालई नावाचं गाव होतं, तिथला. मानमोडीच्या साथीत तिथली निम्मी माणसं गेली. उरलेली निम्मी काही एकदम उठून गेली नाहीत. एक घर या सणाला, एक त्या सणाला. बापासोबत तो पानं लावायचा, त्यामुळे त्याला कळत होतं. साठ पानं, मग पन्नास, मग एकतीस. एका पोळ्याला बापानं सात पानं लावली आणि म्हणाला, चल. आता सालई सरकारी कागदात रिठी आहे, म्हणजे नाव आहे, शेतं आहेत, माणूस नाही.

"गाव मरते तवा बोंब नाई होत, शेवकभाऊ," तो म्हणाला. "आग लागली तं लोकं धावतात. पानं कमी झाली तं कोनी धावत नाई. मी म्हातारा झालो. दुसऱ्यांदा नाई पाहात मी थे." मग त्यानं काडी पुन्हा पानात घातली. "साहेबाले बलवा. म्हनाव, गाव चुकीचं लिवलं, येऊन पाहा. आपुन चूलबंद जेवन करू."

चूलबंद आवतण म्हणजे घरातल्या सगळ्यांना आवतण, तान्ह्यापासून म्हाताऱ्यापर्यंत. त्या दिवशी घरात चूल पेटायची नाही. 'किती आहात' असं कोणी विचारत नाही, कोणाला सांगावं लागत नाही, दृष्ट लागत नाही. आणि तरी गाव आख्खं बाहेर येतं.

मी विकास खंडाच्या कचेरीतल्या साहेबांना पत्र लिहिलं. उत्तर आलं की माघातल्या दौऱ्यात स्वतः येऊ, स्वतः मोजू, आणि काही बनवाबनवी आढळली तर शाळेचाच नव्हे, आपलाही विचार करावा लागेल. 'आपला' म्हणजे माझा.

दुसऱ्या दिवशी पानबुढा मला नाल्यापल्याड घेऊन गेला. नाला कोरडा होता. ओलांडायला, खरं सांगतो, एक विडी ओढून होत नाही इतका वेळ लागला. पल्याड चार नाही, दहा घरं होती, सारवलेली, स्वच्छ. नागपूरला दीक्षा झाली त्याला वर्ष उलटून गेलं होतं. दहाही घरांनी ती घेतली होती. मेलेली गुरं ओढणं त्यांनी बंद केलं होतं, आणि पाटलाच्या वाड्यात त्यावरून अजून धुसफूस चाले. दौलतराव त्यांच्यातले जाणते. तरुणपणी हिंगणघाटच्या गिरणीत होते, वाचता येत होतं, भिंतीवर बुद्धाची तसबीर होती.

"या, बसा," दौलतराव मला म्हणाले. "रस्ता सापडला? नाई म्हनलं, सवा वर्ष झालं तुमाले गावात येऊन. नाला तं कोरडाच असते."

मी माझ्या वहाणांकडे पाहत बसलो. पानबुढ्यानं जेवणाचं सांगितलं. दौलतरावांनी ऐकून घेतलं.

"बुढेबावा, तुमी दोन जुड्या बांधत होते पानाच्या. आठवते? एक त्यायची, एक आमची. त्यायची सुटी राहे. आमची सुतळीनं बांधलेली, दुरून फेकाले बरी. आमी बसो उकिरड्यापाशी, आन् वाढनारा वरून टाके. दीक्षा घेतली तवापासून आमी कोनाच्या पंगतीले गेलो नाई. आता आमाले मोजाचं हाय म्हून जेवाले बलावता काय?"

पानबुढ्यानं कमरेचं पानांचं फडकं सोडून समोर ठेवलं. मग म्हणाला, "म्याच बांधल्या, दौलत. तीस वर्सं बांधल्या. यंदा सुतळी नाई आनत."

"एकच रांग?"

"एकच जुडी हाय तं रांग एकच होईन."

"मंग दुसरं ऐका," दौलतराव म्हणाले. "आमच्या दाही घरची जवारी हंड्यात पडन. घरामागं पायली. पाहुने म्हून नाई येनार आमी. गाव म्हून येऊ."

"पायलीत मातेरं नोका ठेवू," पानबुढा उठत म्हणाला. "गेल्या साली पाटलाच्या जवारीत लय होतं." दौलतराव हसले, आणि माझ्या लक्षात आलं की ठरलं.

पाटलाकडे मात्र सोपं नव्हतं. "एका रांगेत?" पाटील म्हणाला. "माही माय बसन काय त्या रांगेत? काई तरीच बोलून राह्यला तू."

"नोका बसवू जी," पानबुढा शांतपणे म्हणाला. "दोन रांगा लावा. मंग साहेब दोन गावं लिवन. हेही दीडशेच्या आत, थेही दीडशेच्या आत. दोनीले शाळा नाई. तुमचे नातू केळझरले मामाच्या घरी शिकून राह्यले, तुमाले काय फरक पडते. दिवाळीले येतात भेटाले. दोन दिस राहतात ना?"

पाटलाची बायको आतून ऐकत होती. तिची बांगडी चौकटीवर वाजली.

"तू मले गिनती शिकवतो?" पाटील म्हणाला.

"मी पानंच लावतो जी. गिनती तुमची हाय."

दोन दिवस पाटलाकडून काही निरोप नाही. तिसऱ्या दिवशी दोन गड्यांच्या खांद्यावर त्याच्या घरचा मोठा गंज आला, ज्यात शंभराची भाजी शिजते. सोबत निरोप: पंगत त्यांच्या दारी नको, आमच्याही दारी नको. "मंग नाल्यात," पानबुढा म्हणाला. "नाला कोनाच्याच बापाचा नाई."

आता इथे खरं म्हणजे मी गप्प बसायला हवं होतं. पण जेवणाच्या आदल्या दिवशी मला हिशोबाची उबळ आली. या बाजूचे अठ्ठ्याऐंशी, त्यात लपवलेले धरून समजा शंभर. पल्याड दहा घरं, घरामागे चार म्हणजे चाळीस. एकूण एकशे चाळीस. दहा कमी. पानबुढ्याला विचारलं तर तो म्हणाला, "पानं बराबर होतीन." या उत्तरावर ज्याचा विश्वास बसेल तो ग्रामसेवक कसला. मी तडक केळझरला गेलो, चहाच्या दुकानदाराला गाठलं, आणि त्याच्या कुटुंबातल्या सहा जणांना जेवणाचं आवतण दिलं. मला हवे होते दहा. चौघांना ताप होता. "कोणी विचारलं तर धामणडोहचे म्हणा," एवढं बजावलं आणि मोठ्या हुशारीनं परत आलो.

जेवणाच्या दिवशी साहेब सकाळी जीपनं निघाले आणि नाल्याच्या दुसऱ्या फेऱ्यातच जीप रेतीत रुतल्यामुळे उरलेली वाट पायी आले. त्यामुळे गाव राहण्याजोगं आहे का नाही याबद्दल त्यांचं मत आधीच तयार होतं. टेकाडावर थांबून त्यांनी खाली पाहिलं. एकाही छपरातून धूर नव्हता. धूर फक्त नाल्यात, तीन मोठ्या चुलींचा.

"सगळे एकाच वेळी उपाशी आहेत की काय?" त्यांनी मला विचारलं.

"चूलबंद आहे साहेब," मी म्हणालो. त्यांनी ऐकलं आणि वहीत काहीतरी लिहिलं.

नाल्याच्या रेतीत पानबुढ्यानं पानं मांडत नेली. एकच रांग, नाल्याच्या वळणाबरोबर वळत जाणारी. ज्वारीच्या कण्या, वांग्याची भाजी, वरण. बायकांनी तान्ही लेकरं आणली होती, गालाला काजळाचे टिळे लावून. साहेबाच्या वहीपासून तेवढं संरक्षण पुरेसं होतं. पल्याडची माणसं आली. शेवटी नाही, सुरुवातीला नाही, जिथे जागा होती तिथे बसू लागली. अल्याडची काही जण चुळबुळली. पाटलाची म्हातारी माय काठी टेकत आली, रांगेकडे एकदा पाहिलं, आणि दरडीची सावली जिथे पडली होती तिथे जाऊन बसली. ती सावली नेमकी दौलतरावांच्या बायकोशेजारी होती. म्हातारीला धर्मापेक्षा ऊन जास्त लागत असावं. ती बसल्यावर चुळबुळ थांबली.

रांग भरली आणि सहा जण पानाविना उभे राहिले. त्यात स्वतः पाटील होता.

पानबुढ्याचे हात रिकामे होते. त्यानं रांगेकडे पाहिलंच नाही. त्यानं माझ्याकडे पाहिलं.

"शेवकभाऊ," तो म्हणाला, "पानं कमी पडली."

"मग आणखी लाव की," मी शक्य तितक्या सहज आवाजात म्हणालो.

"पानं बराबर हायेत. मानसं जास्त हायेत."

साहेबांनी वही मिटली. पानबुढ्यासमोर खोटं बोलायचं तर आधी त्याच्या डोळ्यांतून सुटावं लागे, आणि मी सुटलो नाही. मी सगळं सांगून टाकलं: केळझर, चहा, दहा, चौघांचा ताप. सांगता सांगता माझ्याच लक्षात आलं की हे गाव एवढं लहान आहे, इथे सहा अनोळखी माणसं खपवणं म्हणजे ताटात सहा खडे टाकून तांदूळ म्हणण्यासारखं आहे. चहावाल्याचं कुटुंब अर्धवट उठून उभं राहिलं.

"बसा बाप्पा," पानबुढा त्यांना म्हणाला, "पाहुने उपाशी नाई जात. पन तिकडं, त्या गोट्यावर. तुमची पानं मी आता लावतो. थे गिनतीत नाई." आणि उभ्या उभ्या, कमरेच्या फडक्यातून पानं काढून, सहा पत्रावळी त्यानं अशा टाचल्या की साहेब पाहतच राहिले. पाहुणे तिकडच्या दगडावर गेले, पाटील आणि बाकीचे पाच जण सुटलेल्या पानांवर बसले. रांगेत एकही पान रिकामं नव्हतं, एकही माणूस उभा नव्हता.

साहेब एका टोकाहून निघाले. पान, पान, पान. मी मागे चालत होतो, बळीच्या बकऱ्यासारखा. शंभर झाले तेव्हा अजून वळण बाकी होतं. एकशे तीस. एकशे चाळीस. रांग एकशे सेहेचाळीसवर संपली. चार कमी.

"आणि हे काय?" साहेबांनी काठीनं दाखवलं. बायकांच्या पानांशेजारी द्रोण होते, रिकामे.

"पाळण्यातले," पानबुढा म्हणाला.

"हे धरायचे?"

त्याच क्षणी, वाढायला उशीर झाला म्हणून की साहेबाची टोपी पाहून, कोण जाणे, एका लेकरानं सूर लावला आणि बाकीच्यांनी तो उचलला. नाला नुसता दणाणून गेला.

"तुमाले ऐकू येऊन नाई राह्यलं काय जी?" पानबुढ्यानं विचारलं.

साहेबांनी द्रोण मोजले. अकरा. एकशे सत्तावन्न.

त्यांनी तो आकडा लिहिला, आणि मग माझ्याकडे वळले. मी नोकरीला मनातून रामराम केला होता. "तुम्ही गाढव आहात," साहेब म्हणाले, "पण उपयोगी गाढव आहात. मी आजवर पुष्कळ गावं मोजली. कोणत्याही गावाचा आकडा मला खरा वाटला नव्हता. जिथे सहा माणसं जास्त झाली तर पाटलाला उभं राहावं लागतं, तिथला आकडा मी डोळे मिटून लिहीन." मग त्यांनी वहाणा काढल्या. "माझं पान?"

"लावतो जी," पानबुढा म्हणाला. "गोट्यावर."

साहेब चहावाल्याच्या कुटुंबात जाऊन बसले.

वाढायला दौलतराव आणि गणपत होते. दौलतराव वरणाची बादली घेऊन पाटलाच्या मायपाशी आले. म्हातारीनं वर पाहिलं.

"वरून नको टाकू रे, दौलत," ती म्हणाली, "लुगड्यावर उडते. वाकून वाढ, आन् जास्त वाढ."

दौलतराव वाकले. वाढलं. मग सरळ होऊन म्हणाले, "माय, मले बी तुमी असंच वाढाल ना?" म्हातारीनं घास तोंडात घातला, चावला, गिळला. "ये ना घरी," ती म्हणाली. "माया हातचं वरन खाऊन तुई बायको मांगं पडन." दौलतरावांच्या बायकोनं पदर तोंडाला लावला. तो हसू लपवायला होता, हे दोन पानं पलीकडूनही दिसत होतं. मग रांगेत बोलणं सुरू झालं, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे. कोणी कण्या मागितल्या, कोणी मिरची मागितली, आणि माझ्या केळझरच्या फौजेवर पहिली कोटी झाली. त्यानंतर वर्षभर कुठे कोणी जास्तीचा दिसला की धामणडोहात विचारत, "हा शेवकभाऊचा काय?"

आषाढात शाळा सुरू झाली, नाल्याच्या काठावर, पाटलाच्या गोठ्याचा अर्धा भाग मोकळा करून. मास्तर पोरं एकाच चटईवर बसवत; चटईच एक होती. गणपतनं बैलगाडी जुंपली ती सामान न्यायला नाही, फळा आणायला. सडकेला गेलेल्या दोन घरांपैकी एक दसऱ्याला परत आलं. पानबुढ्यानं त्या दिवशी काही कारण नसताना सात पानं लावली आणि त्यांच्या दारात ठेवून आला.

माझी बदली अल्लीपूरकडे झाली. पुढे बढतीही झाली. त्या सगळ्या वर्षांत मी कोणाच्या दारात उभं राहून 'माणसं किती' असं विचारलं नाही. आधी ओसरीवर बसायचो, पाणी मागायचो, आज काय शिजलं ते विचारायचो, आणि नाला ओलांडल्याशिवाय जेवायचो नाही. माझे तक्ते उशिरा जायचे. परत कधी आले नाहीत.

पानबुढा गेल्याचं गणपतनं कार्डावर कळवलं. आजारपण नाही, काही नाही. पानं टाचता टाचता भिंतीला टेकला. त्याच्या नावाचं चूलबंद जेवण होतं, आणि कार्डाच्या शेवटी लिहिलं होतं, 'पानं लावाले कोनी नाई. सगळ्यायनं आपापलं पान आपुनच लावून आनाचं हाय.'

मी केळझरला उतरून पळसाची पानं तोडली आणि वाटभर गाडीत बसून टाचत आलो. काडी पानातून जाण्याऐवजी बोटातून जात होती. धामणडोह आलं तेव्हा माझ्या मांडीवर जे होतं त्याला पत्रावळ म्हणणं म्हणजे पानबुढ्याचा अपमान होता. त्यातून गाडीवानाचा चेहरा स्पष्ट दिसत होता.

शाळेपुढे रांग लागली होती. लहानमोठी, वाकडीतिकडी, कोणाची चौकोनी, कोणाची होडीसारखी, दीडशेच्या किती तरी वर गेलेली पानं. लोक एकमेकांची पानं पाहून हसत होते आणि हसता हसता डोळे पुसत होते. मी माझं पान झोळीत लपवून कडेला उभा राहिलो, पाहुण्यांच्या दगडाकडे जावं की काय, या विचारात.

दौलतराव आता बरेच थकले होते. त्यांनी मला पाहिलं आणि बाजूची जागा हातानं झाडली. त्यांच्यापुढे दोन पत्रावळी होत्या. गोल, घट्ट टाचलेल्या.

"हे तुमचं," ते म्हणाले. "घरून निंगतानाच लावून आनलं. तुमच्याच्यानं होत नाई, हे मालूम होतं."

मी बसलो.